त्याच्या दारासमोरचा फ्लॅट

मी मस्कतहून सुट्टीवर निघाले तेव्हा नवऱ्याने मला एका कागदावर यादी करून दिलेली. पाणी दोन्ही वेळ हवं. शाळा चालत जाण्याइतकी जवळ हवी. मुलीला खेळायला जागा हवी. शेजार संसारी माणसांचा हवा, कारण इथे आम्ही दोघी मायलेकीच राहणार होतो आणि तो अजून काही वर्षं तिकडेच नोकरी करणार होता. या यादीतलं सगळं असलेली जागा मला वर्तकनगरात मिळाली. ती मी सोडली आणि डोंबिवलीतल्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. कारण एकच. समोरच्या दारात तो माणूस राहत होता.

माझं माहेर बाळकुमचं. बाबा खाडीत जाळं टाकायचे, आई ठाण्याच्या मार्केटात टोपली घेऊन बसायची. मी मॅट्रिक झाले आणि माझं लग्न विठ्ठलवाडीकडच्या, आमच्याच जातीतल्या मुलाशी झालं. तो डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिटर होता. सासरी एका खोलीत सात माणसं, म्हणून मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली तसे आम्ही डोंबिवली पूर्वेला भाड्याने राहायला गेलो. सोळा बिऱ्हाडांची तीन मजली बिल्डिंग. आमचा घरमालक पुण्याला असायचा. समोरच्या दारात सोसायटीचा सेक्रेटरी.

हा सेक्रेटरी मुंबईला सरकारी ऑफिसात होता. चाळिशीचा, पांढरा शर्ट, पायात कायम पॉलिश केलेले बूट. आवाज कधी चढवायचा नाही. त्याचं मराठी ऐकत राहावं असं होतं, एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. जिन्याखाली एक काळा फळा होता, त्यावर तो सुरेख अक्षरात सूचना लिहायचा आणि खाली दोन रेघा मारायचा. मी त्याला तोंडावर अहोजाहो करायचे. मनात कधी केलं नाही, आत्ताही करणार नाही.

आमच्या घरी मासळी असायची. ओली तर असायचीच, पण आई बाळकुमहून सुकट, बोंबील, वाकट्या घेऊन यायची. गॅलरीत दोरीवर मी चार दिवस बोंबील वाळत घालायचे. कोणी तोंडावर काही बोललं नाही. डोंबिवलीत संध्याकाळी एमआयडीसीकडून गॅसचा असा वास यायचा की डोळे चुरचुरायचे, लोक खिडक्या लावून घ्यायचे. त्याच्याबद्दल फळ्यावर कधी सूचना लागली नाही.

सेक्रेटरीला एक मुलगी होती, माझ्या मुलीएवढीच. दोघी सहा वर्षांच्या. जिन्यावर बसून एकत्र खेळायच्या. त्या मुलीचा वाढदिवस आला तेव्हा बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलांना बोलावणं होतं. माझ्या मुलीला मी गुलाबी फ्रॉक घातला, दोन वेण्या घातल्या, हातात रंगपेटी दिली. समोरच्याच दारात तर जायचं होतं. मी दार उघडं ठेवून भाजी निवडत बसले.

पंधरा मिनिटांत ती परत आली. हातात कागदाची डिश, त्यात केकचा तुकडा आणि वेफर्स.

"काय गं, संपला वाढदिवस?"

"नाही. काका म्हणाले, घरी जाऊन खा."

"का?"

ती डिश खाली ठेवत म्हणाली, "वास येतो म्हणाले."

मी उठले, तेवढ्यात ती मोरीत गेली. मी बघते तर फ्रॉकसकट बसलेली, आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत साबण चोळत होती. रडत नव्हती. कामाला लागल्यासारखी चोळत होती. मी तिच्या हातातून साबण काढून घेतला, तर म्हणाली, "थांब ना आई, गेला की परत जाते."

मी ओल्या हातांनीच समोरचं दार वाजवलं. दार त्यानेच उघडलं. आत मुलं टाळ्या वाजवत होती. मी विचारलं, "अहो, माझ्या मुलीला घरी का पाठवलंत?"

"या ना, आत या," तो म्हणाला, पण दारातून हलला नाही. "गैरसमज करून घेऊ नका. आमच्याकडे कोणी काही मानत नाही. पण तुमच्याकडे ते सुकं वगैरे असतं, त्याचा वास कपड्यांना बसतो. मुलं स्पष्ट बोलतात हो. एकाने नाक धरलं, मग दुसऱ्याने. तिलाच वाईट वाटलं असतं, म्हणून मीच म्हटलं, बाळ, तू आपली घरी जाऊन खा."

"मग ज्याने नाक धरलं त्याला का नाही पाठवलंत घरी?"

त्याने जरा डोळे मिटले. लहान मुलाला समजावताना मास्तर मिटतात तसे. "हे बघा, ही फॅमिली सोसायटी आहे. मला सगळ्यांचा विचार करावा लागतो."

त्याच्या मागे त्याची बायको उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून मुलांत गेली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली. गॅलरीत उग्र वासाचे पदार्थ वाळत घालू नयेत. महिन्याभरात आमच्या घरमालकाचं पुण्याहून पत्र आलं, की सोसायटीची तक्रार आली आहे, तेव्हा करार संपला की जागा सोडावी. नवरा भांडायला जाणार होता, मीच त्याला धरून ठेवला. भाडेकरूने भांडून काय होतं? मे महिन्यात आम्ही सामान बांधलं. टेम्पोत कपाट चढवत होतो तेव्हा सेक्रेटरी वर गॅलरीत उभा होता, बनियनवर, हातात चहाचा कप. वरूनच म्हणाला, अगदी आपुलकीने, "आता खाडीच्या जवळपास बघा कुठेतरी. तुमच्या लोकांना बरं पडेल."

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. हेच मला सगळ्यात जास्त लागलं. पुढची कित्येक वर्षं मला उत्तरं सुचत राहिली, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, एकेक धारदार उत्तर, आणि ऐकायला समोर कोणी नाही.

दोन वर्षांनी नवऱ्याला मस्कतला काम मिळालं आणि मग आम्हालाही नेता आलं. त्याच्या कंपनीच्या माणसाने राहायला तीन बिल्डिंगी दाखवल्या. मी आतल्या टाइल्स, नळ काही पाहिलं नाही. तिन्ही ठिकाणी संध्याकाळी जाऊन नुसती खाली उभी राहिले. तिसऱ्या बिल्डिंगच्या मधल्या चौकात वीसेक मुलं खेळत होती, केरळची, गोव्याची, सुदानची, कराचीची, आणि एक बाई वरच्या खिडकीतून ओरडून सगळ्यांना एकदमच रागे भरत होती. मी म्हटलं, हीच. तिथे मी पहिल्यांदा मांदेली तळली तेव्हा दाराची बेल वाजली. मी आधी गॅस बंद केला, मग दार उघडलं. दारात वरच्या मजल्यावरची केरळची बाई, हातात रिकामी बशी घेऊन उभी. तिला थोडी मांदेली हवी होती, पोटुशी होती.

अशी सहा वर्षं सुखात गेली. कोणाला वाटेल की एवढ्या सुखात माणूस जुनं विसरतं. माझं उलटं झालं. तिकडे मला कळलं की शेजार असा असू शकतो, आणि मग त्या माणसाचा राग दुप्पट झाला. तोवर मला वाटायचं, जग असंच असतं. आता कळलं, जग असं नसतं, तो असा होता.

मुलगी नववीत जाणार तसं आम्ही ठरवलं की तिचं पुढचं शिक्षण इथे व्हावं. मी तिला घेऊन परत यायचं, नवऱ्याने मागे राहायचं. डिसेंबरात सुट्टी घेऊन आम्ही दोघी आलो, बाळकुमला आईकडे उतरलो आणि जागा बघायला लागलो. बाळकुमलाही तेव्हा मोठे कॉम्प्लेक्स उठायला लागलेले. जिथे आमच्या काकांचं भात व्हायचं तिथे सात मजले उभे होते. पण मुलीला वर्तकनगर आवडलं. तिथे एका वसाहतीत दोन खोल्या-किचनचा फ्लॅट होता. खाली मोठं मैदान, शाळा दोन गल्ल्या सोडून. मी एजंटबरोबर वरचा फ्लॅट बघून खाली येईपर्यंत माझी मुलगी चार मुलींबरोबर बॅडमिंटन खेळायला लागली होती. निघताना त्यांनी तिचं नाव विचारून घेतलं, तिने त्यांना मस्कतचा पत्ता दिला. बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "आई, हेच घे हां. बाकी बघूच नको." मी एजंटला सांगितलं, सोमवारी येऊन पक्कं करते.

शनिवारी मी एकटी डोंबिवलीला गेलेली. मुलीच्या पहिलीच्या शाळेतला दाखला हवा होता, नवीन शाळेत लागणार होता. दाखला घेऊन स्टेशनकडे यायचं तर पाय आपोआप त्या गल्लीत वळले. बिल्डिंगचा रंग उडालेला. आणि पहिल्या मजल्यावर, ज्या गॅलरीत मी बोंबील वाळत घालायचे, त्याच गॅलरीच्या कठड्याला पाटी लटकत होती, फ्लॅट विकणे आहे.

तळमजल्यावर एक रिटायर झालेल्या शाळामास्तरीण बाई राहायच्या. त्यांनी मला ओळखलं, आत बसवलं, पाणी दिलं. मी विचारलं, "समोरचे अजून आहेत?"

"कुठे जाणार? तेच अजून सेक्रेटरी. कोणी उभंच राहत नाही त्यांच्यासमोर. सभाबिभा काही नाही, दर वर्षी घरोघरी वही फिरवतात, आपण सही करायची."

"आणि आमचा फ्लॅट?"

"पुण्याच्या मालकाला विकायचाय. चार महिने झाले, गिऱ्हाईक टिकत नाही."

मी पाणी पूर्ण प्यायले. भांडं खाली ठेवलं तेव्हा माझं ठरलेलं होतं. विचार केला, मन दोन बाजूंना ओढलं गेलं, असलं काही झालं नाही. उलट खूप दिवसांनी डोकं शांत झालं.

संध्याकाळी ठाण्याच्या एका बूथवरून मस्कतला फोन लावला. नवरा म्हणाला, "अगं, वर्तकनगर ठरलेलं ना?"

"ठरलेलं."

"मग डोंबिवलीत काय आहे?"

"तो आहे."

नवरा मग म्हणाला, "राहायचं तुला आहे. पण पोरीला एकदा विचार."

मी हो म्हटलं. विचारलं नाही. तिला सांगितलं की वर्तकनगरच्या कागदपत्रांत काहीतरी घोटाळा निघाला. आईला मात्र खरं सांगितलं. आई कोलंबी सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाय गो, राग आला त भांडून ये. रागानं घर कोन घेतं गं?"

नवीन सभासदाला कमिटीसमोर जावं लागायचं. कमिटी म्हणजे तो आणि दोन माना डोलावणारे. मी मस्कतची सिल्कची साडी नेसले, हातात सहा बांगड्या, डोळ्यांवर नवा चष्मा. आठ वर्षांत मी अंगानेही भरले होते. त्याने मला ओळखलं नाही. अर्जावरचं आडनाव वाचून त्याला काही आठवेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, पण भाडेकरूचं आडनाव त्याच्या लक्षात का राहावं?

"मस्कतला असता का! वा," तो म्हणाला. केस पांढरे झाले होते, मराठी तसंच स्वच्छ. "खरं सांगू का, आम्हाला अशीच फॅमिली हवी होती. हल्ली कोणीही येतं हो जागा बघायला. मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"ठाण्याच्या."

"छान, छान." त्याने बायकोला हाक मारून चहा मागवला. त्याच खोलीत, जिथे तेव्हा केक कापला होता, मी बसून चहा प्यायले. बायको कप ठेवताना माझ्याकडे बघत राहिली. तिने मला ओळखलं, मला खात्री आहे. ट्रे घेऊन ती आत गेली. त्याने कागदावर सही केली, शिक्का मारला आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घातली.

जूनमध्ये आम्ही राहायला आलो. पहिल्याच रविवारी मी आईकडून आणलेली सुकट तव्यावर भाजली. कधी घरात सुकट भाजली असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, तो वास तीन मजले चढतो. मी दार सताड उघडं ठेवलं. दहा मिनिटांत तो दारात आला, नाकाला रुमाल लावून.

"मॅडम, हे... तुम्ही हे..."

"या ना, आत या," मी म्हटलं, आणि दारातून हलले नाही.

मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मी चष्मा काढला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघायला मी आठ वर्षं थांबले होते आणि खोटं कशाला बोलू, ते तेवढं मोलाचं होतं. "तुम्ही त्या भाडेकरू," तो म्हणाला.

"आता मालकीण. सही तुमचीच आहे."

त्यानंतर फळ्यावर सूचना लागू लागल्या. मी कल्याणला उपनिबंधकांच्या ऑफिसात जाऊन सोसायटीच्या नियमांचं पुस्तक आणलं. मॅट्रिकला मी एवढा अभ्यास केला नव्हता. दुपारी मुलगी शाळेत गेली की पेन्सिल घेऊन बसायचे. मालकाने घरात काय शिजवावं हे सेक्रेटरी ठरवू शकतो असं त्यात कुठेच नव्हतं. पण दर वर्षी सभा बोलवायची, निवडणूक घ्यायची, हे सगळं होतं. मग मी त्याचं आणि माझं सोडून बाकीची चौदा दारं वाजवली. कोणाकडे गळतीची तक्रार दोन वर्षं पडून होती, कोणाच्या मुलांचा बॉल त्याने जप्त केलेला, कोणाच्या म्हाताऱ्या सासऱ्याला गच्चीवर बसायला बंदी. दारादारांतून त्याने एकेकाला दुखवून ठेवलं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच. मला काही रचायची गरज पडली नाही. फक्त एकाचं दुसऱ्याला सांगत गेले.

तळमजल्यावरच्या बाईंनी पहिली सही केली. आम्ही रीतसर अर्ज दिला, तारीख लागली, गच्चीवर सतरंज्या टाकून सभा झाली. तो उठून फार सुंदर बोलला. इतकी वर्षं आपण कशी सेवा केली, किती सुट्ट्या घालवल्या. बोलून झाल्यावर हात वर करायची वेळ आली. त्याच्या बाजूने चार हात. मी हात मोजत नव्हते, मी त्याच्याकडे बघत होते. तो एकेका माणसाकडे वळून बघत होता आणि जो तो गच्चीच्या कठड्याकडे बघत होता.

मला सेक्रेटरी केलं. दोन दिवसांनी तो दप्तर सोपवायला आला. पत्र्याची ट्रंक, शिक्का, पाण्याच्या टाकीच्या आणि गच्चीच्या किल्ल्या. मी पाटावर बसून बोय मासळी साफ करत होते.

"थांबा हां," मी म्हटलं, "हात खराब आहेत."

तो ट्रंक हातात घेऊन उभा राहिला. ट्रंक जड होती. मी बोयची खवलं काढली, पोट साफ केलं, तुकडे केले, मीठ लावलं, मग दुसरी घेतली. रोज मी मासळी भराभर करते. त्या दिवशी सावकाश केली. मग त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि एकेक कागद समजावून द्यायला लावला. त्याने खिशातून रुमाल काढला नाही. तोंडाने श्वास घेत बोलत होता. त्या संध्याकाळी मी मस्कतला पत्र लिहिलं ते चार पानी होतं. नवऱ्याचं उत्तर आलं, "झालं ना तुझं? आता बास कर."

बास करायला हवं होतं का? मला तेव्हा वाटलं, आत्ता तर कुठे सुरुवात आहे. सेक्रेटरी म्हणून मी पहिली गोष्ट केली ती भाडेकरूंच्या मुलांनाही अंगणात खेळायची मोकळीक दिली. गळत्या काढल्या. लोक माझं नाव काढायचे. मी चांगली सेक्रेटरी होते, हे त्याचे मित्रही मान्य करतील. फक्त त्याचा कुठलाही अर्ज आला की मी तो सगळ्यात खाली ठेवायचे.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. दोन्ही मुली बारावीला आल्या. त्यांच्यात मैत्री कधी झाली नाही, जिन्यात भेटल्या तर हसायच्या. सेक्रेटरीने, म्हणजे जुन्या सेक्रेटरीने, अर्ज दिला की गॅलरी बंद करून मुलीला अभ्यासाला जागा करायची आहे, परवानगी मिळावी. बिल्डिंगमधल्या चौघांनी आधीच गॅलऱ्या बंद केल्या होत्या. एका सहीचं काम. मी त्याला म्हटलं, पुढच्या सभेत बघू. पुढच्या सभेत विषय राहून गेला. मग मी म्हटलं, इंजिनिअरचा दाखला जोडा. त्याने जोडला. मग मी म्हटलं, शिक्का अस्पष्ट आहे.

एका दुपारी त्याची मुलगीच आली. सडपातळ, चष्मा, हातात पुस्तक. दारात उभं राहून म्हणाली, "काकू, बाबांच्या अर्जाचं काय झालं? आमच्याकडे आजी आहे आजारी, ती दिवसभर कण्हते. मला बसायला जागाच नाही. परीक्षेपुरतं तरी..."

त्या मुलीने माझं काहीही वाकडं केलं नव्हतं. वाढदिवसाला तिला काय घडलं ते कळलंही नसेल. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं. मी तिला आत ये म्हटलं नाही.

"नियम सगळ्यांना सारखे असतात बाळ," मी म्हटलं.

ती बरं म्हणून वळली. तिचं दार बंद झालं. मी मागे वळले तर माझी मुलगी उभी.

"ती काय मागत होती?"

"गॅलरी बंद करायचीय त्यांना."

"मग दे ना. सगळ्यांना दिलीस की."

"तुला आठवतं ना, त्यांनी तुला काय केलं ते? वाढदिवसाला घरी पाठवलं होतं. वास येतो म्हणून."

"कधी?"

"सहा वर्षांची होतीस. गुलाबी फ्रॉक घातलेला. मोरीत बसून साबण लावत होतीस."

तिने खरंच आठवून बघितलं. डोळे बारीक करून, प्रामाणिकपणे. मग म्हणाली, "नाही गं आई. मला काहीच आठवत नाही."

मी म्हटलं, "असं कसं आठवत नाही?" माझा आवाज चढला. मी तिला ते सगळं परत सांगितलं, कागदाची डिश, वेफर्स, ती म्हणाली होती ते वाक्य. जणू मी तिला ते आठवायला लावणारच होते. ती ऐकत राहिली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी आलं.

"वर्तकनगरच्या कागदपत्रांत घोटाळा नव्हताच ना?"

मी ओट्यावरची भांडी आवरायला लागले. पुस्तक उचलून ती गच्चीवर गेली. त्यानंतर बारावीचा सगळा अभ्यास तिने गच्चीवर केला, टाकीच्या सावलीत. पुढे मला कळलं की समोरची मुलगीही तिथेच यायची. गच्चीची किल्ली माझ्याच घरी असायची. ती कोण नेत होतं हे मी विचारलं नाही.

ती परवानगी मी दिलीच नाही. परीक्षा झाल्यावर भर पावसाळ्यातल्या एका आठवड्यात त्यांनी फ्लॅट विकला आणि बदलापूरला गेले. ते गेले त्या दिवशी मी बाळकुमला आईकडे होते, तिचा पाय मुरगळला होता. परत आले तर समोरच्या दाराला कुलूप. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "टेम्पो सकाळीच गेला. तुम्ही नाहीत तोच दिवस धरला बहुतेक." त्यांनी ते हसून सांगितलं, पण मला असा संताप आला की जिन्यातच बसले. मला तो जाताना बघायचा होता. त्याचं कपाट टेम्पोत चढताना मला गॅलरीत उभं राहायचं होतं, एवढंच. तेवढंही त्याने मला मिळू दिलं नाही.

घरात आले तर मुलगी बॅग भरत होती. तिला इंजिनिअरिंगला ठाण्याजवळही जागा मिळत होती आणि लांब मराठवाड्यातही. तिने लांबचं कॉलेज आणि हॉस्टेल निवडलं. मी विचारलं, "इतक्या लांब कशाला?" ती म्हणाली, "तिथे कॅम्पस छान आहे, खेळायला मैदान आहे." टोमणा होता की नाही, कळलं नाही. ती टोमणे मारणाऱ्यातली नाही.

दोन वर्षांनी नवरा कायमचा परत आला. डोंबिवलीची जागा आम्ही विकली आणि ठाण्यात एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये आलो. लिफ्ट आहे, बाग आहे, संध्याकाळी खाली इतकी मुलं असतात की आवाजाने टीव्ही ऐकू येत नाही. शेजारचे दारात येऊन विचारतात, काकू, आज काय तळताय? नवरा कधी कधी म्हणतो, तेव्हाच इथे आलो असतो तर. मी त्याला म्हणते, तेव्हा आलो असतो तर तो माणूस आजही त्या फळ्यावर सूचना लिहीत बसला असता. आणि हे मी अगदी मनापासून म्हणते. त्याला ट्रंक घेऊन उभं ठेवलं ती पंधरा-वीस मिनिटं मला कोणी परत देऊ केली तर मी आजही घेईन.

माझ्या मुलीचं मात्र वाईट वाटतं. तिची चांगली वर्षं मी माझ्या भांडणात घातली. तिने मला माफ केलंय असं ती म्हणते, आणि मी तिला परत विचारत नाही. त्याच्या मुलीचा विषय निघाला तर मी उठून स्वयंपाकघरात जाते.